हिरमुसणाऱ्या पेशी

कृतघ्न वगैरे काही नाहीस गं तू, ते आधी डोक्यातून काढ. बढती मिळाली, सगळ्यांनी कौतुक केलं, तरी आत काहीच हललं नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय ना? मग आईचं 'जरा बाहेर पड, बरं वाटेल' ऐकून स्वतःवर चिडू नकोस. (तिची माया खरी, निदान कच्चं.)

मेंदूत खोल मधोमध हॅबेन्युला नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. २००७ साली मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी माकडांमध्ये पाहिलं, की बक्षीस हुकणार अशी खूण दिसली की तिथल्या पेशी खवळतात आणि डोपामीनच्या पेशी गप्प होतात. म्हणजे हिरमोडालाही मेंदूत जागा नेमलेली आहे बघ! ती हवीच; नाहीतर माणूस त्याच बंद दारावर धडका देत बसेल. पंचाईत होते ती या पेशी कारण नसताना खवळलेल्या राहिल्या की.

चीनमधल्या हांगचौ इथल्या हू हायलान यांच्या गटाने २०१८ मध्ये यावर काम केलं. नैराश्यासारखी लक्षणं असलेल्या उंदरांत या पेशी सुटे सुटे संदेश सोडण्याऐवजी संदेशांची सरबत्तीच करत होत्या. मला त्यातला पुढचा भाग फार आवडला. दोष एकट्या त्यांचा नव्हताच! त्यांना बिलगून असलेल्या ॲस्ट्रोसाइट पेशी आजूबाजूचं पोटॅशियम जास्तच ओढून घेत होत्या, म्हणून ही सरबत्ती. केटामाइन तिथे सोडलं, तर ती थांबली आणि उंदीर लवकरच सावरले.

आता लगेच केटामाइन शोधत बसू नकोस! ते भुलीचं औषध, त्याची नशाही लागते. घ्यायचं तर डॉक्टरांच्या नजरेखालीच. शिवाय हे उंदरांचं. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते यावरून मी कशी सांगू? माणसाच्या नैराश्यात झोप, थायरॉइड, घरातली ओढाताण, खडूस साहेब, सगळंच मिसळलेलं असतं. पण 'मनाला आवर घाल' हा उपदेश त्या पेशींच्या कानी जात नाही, एवढं मला पटलंय.

सायकिॲट्रिस्टची वेळ घे. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर टाळू नकोस. गोळ्या दिल्या तर चार दिवसांत 'फरक नाही' म्हणू नकोस. नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे जातात, आणि त्या मनानेच एकदम बंदही करायच्या नसतात. जीव नकोसा वाटला तर १४४१६ वर फोन लाव, टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट. मलाही लाव. पहाटे तीनला लावलास तरी चालेल, तुझे भाऊजी काही उठायचे नाहीत.