कोपनहेगनचं गणित कुठे अडलं?

प्रश्न : कोपनहेगन 2025 पर्यंत जगातली पहिली कार्बन-तटस्थ राजधानी होणार, असं काही वर्षांपूर्वी वाचलं होतं. पुढे काय झालं? आणि वीज-इंधनाचे निर्णय सरकारच घेत असेल, तर एखादी महापालिका करून करून काय करणार?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठरलेल्या मुदतीत ते जमलं नाही, आणि जमणार नाही हे पालिकेने ऑगस्ट 2022 मध्येच जाहीर केलं. तरीही 2005च्या तुलनेत शहराचं उत्सर्जन सुमारे तीन चतुर्थांशाने घटलं. ते कसं घटलं, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कोपनहेगन म्हटलं की सायकली आठवतात. त्यांचा वाटा आहेच, पण खरी मोठी बचत झाली ती रस्त्याखाली. औष्णिक वीजकेंद्रात जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया जाते. कोपनहेगनमध्ये त्याच उष्णतेने पाणी तापवतात आणि जाड आवरणाच्या जोडनळांतून शहरभर फिरवतात. इमारतीच्या तळघरात एक छोटं यंत्र असतं. नळातलं गरम पाणी तिथे आपली उष्णता घरातल्या पाण्याला देतं आणि गार होऊन दुसऱ्या नळाने केंद्राकडे परततं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. घरात ना बॉयलर, ना धुराडं. शहराची जवळजवळ सगळी घरं अशीच ऊबदार राहतात.

ही व्यवस्था हवामानबदलाच्या काळजीतून जन्मली नाही. कोपनहेगनने वेढलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या वेगळ्या पालिकेने 1903 मध्येच कचरा जाळून त्या उष्णतेवर रुग्णालय गरम ठेवायला सुरुवात केली होती. 1973च्या तेलसंकटाने आयात तेलावर जगणाऱ्या डेन्मार्कचे डोळे उघडले. 1979 मध्ये उष्णता-पुरवठ्याचा कायदा झाला, उष्णतेचं नियोजन पालिकांकडे आलं आणि त्या धंद्यात नफा काढायचा नाही असा नियम झाला. मला हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नफा काढायचा नसला की नळाचं जाळं लोकांच्या हातात राहतं, आणि मग इंधन बदलण्याचा निर्णयही लोकांना घेता येतो. शहरातल्या अमागर वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळायला घेतले, तेव्हा कुणाच्याही घरात एक खिळासुद्धा हलवावा लागला नाही.

त्या लाकडाबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे. झाड पुन्हा वाढतं म्हणून हिशेबात त्याचं उत्सर्जन शून्य धरतात. पण तोडलेलं झाड वाढायला काही दशकं लागतात, आणि धूर आज निघतो. शिवाय शहरवासीयांचा विमानप्रवास आणि बाहेरून येणारं अन्न-सामान 2025च्या उद्दिष्टात धरलेलंच नव्हतं.

मग अडलं कुठे? कचऱ्यापाशी. छताच्या उतारावर स्कीइंग करता येतं म्हणून गाजलेला अमागर बाके हा कचरा जाळून वीज आणि उष्णता देणारा प्रकल्प. कचऱ्यात प्लॅस्टिक असतं, आणि प्लॅस्टिक म्हणजे शेवटी खनिज तेलच. त्याचा कार्बन धुराड्यातच पकडायचा, यावर शहराच्या शेवटच्या टप्प्याची मदार होती. त्यासाठी सरकारी निधी हवा होता. आर्थिक निकषांत प्रकल्प बसला नाही, आणि गणित कोलमडलं. म्हणजे नळांसारखी पालिकेच्या हातातली गोष्ट जमली. जिथे सरकारची तिजोरी लागली, तिथे गाडी थांबली.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे. तिथे घरं गरम करायची नाहीत, गार करायची आहेत, त्यामुळे कोपनहेगनचे नळ उपयोगाचे नाहीत. पण शहर भागात वीज वाटणारा आणि बस चालवणारा बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे. बेस्टने कुठली वीज विकत घ्यायची, विजेवरच्या किती बस चालवायच्या, ओला कचरा वेगळा होऊन जिरतो की डम्पिंगवर जाऊन मिथेन सोडतो, यावर मुंबईकर आपल्या पालिकेला जाब विचारू शकतात. नाशिककरांनीही आपल्या पालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात बस, कचरा आणि पाणी उपसण्याची वीज या तीन खात्यांवरचा खर्च आधी पाहावा.