पायात गोळे, मनाला घोर : डब्यातल्या गोळ्या कितपत उपयोगी?

मध्यरात्री गाढ झोपेत एकदम पोटरी दगडासारखी घट्ट होते, कळ सोसवत नाही आणि सारे घर जागे होते. पायात गोळे म्हणजे पेटके येण्याचा हा त्रास पन्नाशीनंतर पुष्कळांना होतो. त्यातच मुलीचे लग्न, कर्जाचा हप्ता अशा काळज्या असल्या की उरलीसुरली झोपही उडते. मग कोणीतरी सुचवते, "मॅग्नेशियम घ्या, पाय आणि डोके दोन्ही शांत होतील." हा सल्ला कितपत खरा?

मॅग्नेशियमचे काम

आकुंचन पावलेला स्नायू पुन्हा सैल होण्यासाठी आणि मज्जातंतूंच्या कामासाठी मॅग्नेशियम लागते. त्याची कमतरता झाल्यास पेटके येतात हे खरे. पण पेटके येणाऱ्या प्रत्येकाला कमतरता असतेच असे नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. मॅग्नेशियमने उतारवयातील माणसांचे पेटके विशेष कमी होत नाहीत, असे त्यात दिसले. चिंता कमी होण्याबाबतचा पुरावाही तोकडाच आहे. बाजरी, नाचणी, तीळ, शेंगदाणे, हरभरे आणि पालेभाज्या यांतून मॅग्नेशियम चांगले मिळते.

कोणी सावध राहावे?

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅग्नेशियम घेऊ नये. ते शरीरात साचून नाडी मंदावते व जिवाला धोका होऊ शकतो. इतरांनाही जास्त मात्रेने जुलाब होतात. थायरॉईडची गोळी चालू असल्यास दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे.

अश्वगंधाने ताण थोडा हलका होतो, झोप सुधारते, असे काही लहान चाचण्यांत आढळले आहे. मात्र काही जणांच्या यकृताला त्यापासून इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये. थायरॉईडचे रुग्ण आणि झोपेच्या गोळ्या घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. 'वनस्पती आहे, अपाय कसला?' हा समज सोडावा. आहारपूरकांच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना असते, तीही वाचावी.

मग करावे काय?

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत व पोटरी हलके चोळावी. रोज झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरीला ताण द्यावा. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील व्यक्तींनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी असे ताण देण्याचे व्यायाम केले, तेव्हा रात्रीचे पेटके कमी झाले, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. उन्हात राबणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यावे.

त्रास वारंवार होत असेल तर कारण शोधावे. मधुमेह, थायरॉईडचे विकार, लघवी वाढवणारी किंवा कोलेस्टेरॉलची औषधे हीही कारणे असू शकतात. पण चालू औषध मनाने बंद करू नये. चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल, किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आणि मनाचा घोर दोन आठवड्यांहून अधिक टिकला, कामात लक्ष लागेना, जीव नकोसा वाटू लागला, तर डबा विकत आणत बसू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. मोकळेपणाने बोलणे हा उपचाराचाच भाग आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही.