चौकोनाचे कोन आणि जमिनीचे माप

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी ही जुनी वसाहत आहे. १८९८ साली शहरात प्लेगची साथ उद्भवली. दाट वस्तीतील लोकांना मोकळ्या हवेत राहावयास मिळावे, म्हणून बसवनगुडी व मल्लेश्वरम् या वसाहतींच्या उभारणीस त्यानंतर वेग आला. अशा वसाहतीत आधी सरळ रस्ते आखतात, व त्यांमधील जागेत चौकोनी भूखंड पाडतात. या कामी कोनांचे महत्त्व किती, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

समजा, एका भूखंडाच्या समोरासमोरील बाजूंच्या जोड्या ६० फूट व ४० फूट आहेत. क्षेत्रफळ २,४०० चौरस फूट, असे उत्तर कोणीही देईल. परंतु चारही कोपरे काटकोनी असतील तरच ते खरे. चार पट्ट्या टोकांशी खिळ्यांनी सैल जोडून एक चौकट करावी व ती एका अंगास कलवावी. पट्ट्यांची लांबी तीच राहते. कोन मात्र बदलतात आणि आतील जागा आक्रसते. कोपऱ्याचा कोन ६०° झाला, तर ६० फुटी बाजूंमधील लंबांतर ४० फूट न राहता सुमारे ३४.६४ फूट होते, व क्षेत्रफळ सुमारे २,०७८ चौरस फूट भरते. बाजू त्याच असूनही घेणाऱ्याची सुमारे ३२२ चौरस फूट जमीन कमी होते!

ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींस ठाऊक होती. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र दिले. ते ज्या चौकोनाचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात, म्हणजेच ज्याच्या समोरील कोनांची बेरीज १८०° असते, त्यालाच नेमके लागू पडते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) दाखवून दिले की, बाजू ठरल्या म्हणून कर्ण ठरत नाहीत, सबब लंब किंवा कर्ण सांगितल्यावाचून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणे व्यर्थ होय.

आता कोनांचे नियम पाहू. कोणत्याही चौकोनाचा एक आतील कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०°. म्हणून चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६०°. 

समांतरभुज चौकोनात समोरासमोरील बाजू समांतर असतात. दोन समांतर रेषांना तिसरी रेषा छेदीत असता तिच्या एकाच अंगाच्या आंतरकोनांची बेरीज १८०° होते. म्हणून त्याचे लगतचे कोन मिळून १८०° होतात, आणि त्यावरूनच समोरचे कोन समान ठरतात. एक कोन काटकोन असेल, तर उरलेले तिन्ही काटकोनच. समलंब चौकोनात समांतर बाजूंची एकच जोडी असल्याने, प्रत्येक तिरप्या बाजूच्या दोन टोकांशी असलेले कोन तेवढे मिळून १८०° होतात.

मग भूखंड काटकोनी आहे की नाही, हे केवळ टेपने कसे ओळखावे? त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. अबकड या समांतरभुज चौकोनात अक व बड हे कर्ण समान आहेत असे माना. अबक आणि डकब या त्रिकोणांत अब = डक, बक ही बाजू सामाईक, आणि अक = डब. म्हणून ते त्रिकोण एकरूप असून ब व क येथील कोन समान आहेत. त्यांची बेरीज १८०°. अर्थात प्रत्येक कोन ९०°. आपल्या भूखंडाचे दोन्ही कर्ण सुमारे ७२.१ फूट भरले, तर तो आयत होय. कललेल्या भूखंडाचे कर्ण सुमारे ५२.९ व ८७.२ फूट भरतील. गवंड्याचा गुण्या एक कोपरा तपासतो. कर्णांची जोडी चारही कोपऱ्यांची साक्ष देते.

अभ्यास : (१) समांतरभुज चौकोनाचा एक कोन ७५° आहे, उरलेले कोन काढा. (२) शाळेतील फळ्याच्या चार बाजू व दोन कर्ण मोजून तो आयत आहे काय, ते सकारण लिहा.