उच्च रक्तदाबाचे नियंत्रण : चतुष्पादांच्या प्रशिक्षणाचा विचार

प्रस्तुत लेखाचा प्रारंभ स्वतःच्या चुकीच्या कबुलीने करणे मला योग्य वाटते. काही वर्षांपूर्वी अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी एक अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ माझ्या चिकित्सालयात आले. रीतीप्रमाणे मी रक्तदाब पाहिला. सदऱ्याची बाही वर न करता, रुग्ण जिना चढून येऊन बसताक्षणीच, आणि तोही एकदाच. दाब १६८/१०२ भरला. 'दगदग झाली असेल, मीठ जरा कमी करा' असे सांगून मी अम्लपित्ताची औषधे दिली. पुन्हा कधी यावे हे सांगितले नाही, केसपेपरवर आकडा लिहिला, पण त्याखाली काहीच लिहिले नाही. अम्लपित्त बरे झाले आणि रुग्ण आले नाहीत. आठ महिन्यांनी त्यांना उजव्या अंगाचा पक्षाघात झाल्याचे त्यांच्या मुलाकडून कळले.

या प्रसंगात औषध चुकले असे म्हणता येणार नाही, कारण औषधापर्यंत गोष्ट पोहोचलीच नव्हती. चुकले ते मापन, चुकला तो संवाद आणि चुकला तो पाठपुरावा. या तिन्ही गोष्टी शिकून आत्मसात करण्याच्या आहेत, आणि त्या केवळ वैद्याने नव्हे तर मदतनीस व औषध विक्रेत्यानेही शिकावयाच्या आहेत, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

गळती नेमकी कोठे होते ?

सन २०१७-१८ मधील राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग सर्वेक्षणात १८ ते ६९ या वयोगटातील २८.५ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला. त्यांपैकी आपल्याला हा विकार आहे हे केवळ २७.९ टक्के जणांना ठाऊक होते, १४.५ टक्के उपचार घेत होते आणि १२.६ टक्के जणांचा दाब नियंत्रणात होता.

हे आकडे बारकाईने पाहावेत. शंभर रुग्णांपैकी सुमारे बहात्तर जणांना आपल्या विकाराची वार्ताच नाही. ज्यांना ती आहे त्यांतील निम्मे उपचाराबाहेर आहेत. मात्र उपचार घेणाऱ्या चौदा-पंधरांपैकी बारा-तेरा जणांचा दाब आटोक्यात आहे. म्हणजे औषधे निष्प्रभ ठरतात हे आपल्या अपयशाचे मुख्य कारण नव्हे. रुग्ण ओळखला जात नाही आणि ओळखला तरी टिकवला जात नाही, हे मुख्य कारण होय. एखादा नवा कल्प शोधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ही गळती थांबविण्याचे काम महत्त्वाचे आहे.

चतुष्पाद आणि आजचे चिकित्सालय

संहितांमध्ये उच्च रक्तदाब या नावाची स्वतंत्र व्याधी नाही. व्यान वायूची विकृती, रक्तदुष्टी, मेदोवृद्धी अशा अंगांनी तिचा विचार केला जातो. परंतु तिच्या नियंत्रणाची चौकट मात्र चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात तयार आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद व प्रत्येकाचे चार गुण तेथे सांगितले आहेत. द्रव्याच्या गुणांत 'बहुता' आहे. आजच्या भाषेत तो औषधपुरवठ्यात खंड न पडण्याचा मुद्दा होय. उपस्थात्याच्या गुणांत उपचारांचे ज्ञान आणि दक्षता आहे.

रोग्याच्या गुणांतील 'ज्ञापकत्व' येथे विशेष विचारणीय आहे. आपली लक्षणे वैद्यास सांगता येणे म्हणजे ज्ञापकत्व. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेच लक्षण देत नाही, म्हणून या विकारात रोग्याचा हा गुण निरुपयोगी ठरतो. डोके दुखत नाही म्हणजे दाब ठीक आहे, ही समजूत म्हणूनच घातक आहे. रोग्याच्या वतीने बोलण्याचे काम यंत्राला करावे लागते, आणि यंत्र खरे बोलेल की खोटे हे ते हाताळणाऱ्यावर अवलंबून असते.

इतरत्र आलेला अनुभव

अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात कैसर परमनंट या आरोग्यसंस्थेने सर्व रुग्णांची एकत्रित नोंद ठेवली, सर्वांसाठी एकच उपचारक्रम ठरविला, दवाखान्यांना त्यांच्या नियंत्रणाचे प्रमाण वेळोवेळी कळविले आणि औषध बदलल्यावर फेरतपासणीचे काम प्रशिक्षित मदतनीसांकडे सोपविले. सन २००१ मध्ये ४३.६ टक्के असलेले नियंत्रण २००९ मध्ये ८०.४ टक्क्यांवर गेले.

लॉस एंजेलिस येथे केशकर्तनालयांत झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात डॉक्टरांशी ठरलेल्या करारानुसार प्रशिक्षित औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन उपचार करीत. सहा महिन्यांत या गटाचा वरचा दाब सरासरी २७ अंकांनी उतरला. दुसऱ्या गटात केशकर्तनकार केवळ सल्ला देत व डॉक्टरांकडे जाण्यास सांगत. त्या गटात घट ९.३ अंकांची होती. नुसता उपदेश आणि प्रशिक्षित व्यक्तीचा नियमित पाठपुरावा यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील तीस ग्रामीण वस्त्यांतील अभ्यासातही (प्रसिद्धी २०२०) आरोग्यसेविकांना घरोघरी दाब मोजण्याचे व समुपदेशनाचे शिक्षण दिले होते. दोन वर्षांत तेथील वरचा दाब तुलनेच्या गटापेक्षा सुमारे पाच अंकांनी अधिक उतरला.

आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात आरंभी होते. सोपा व एकसमान उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, संघभावनेने काम, रुग्णाच्या घराजवळ सेवा आणि नोंदींची पद्धत हे त्याचे पाच आधार. चतुष्पादांशी त्यांचे साम्य सहज लक्षात यावे.

पाठ पहिला : मापन

चाचणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री व श्रम वर्ज्य. मूत्रवेग असल्यास आधी विसर्जन. नंतर रुग्णास पाच मिनिटे शांत बसवावे. पाठीला आधार, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर टेकलेला, पट्टा हृदयाच्या पातळीवर. मापन चालू असताना रुग्णाने बोलू नये आणि आपणही बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मापने घेऊन त्यांची सरासरी लिहावी. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब पाहावा व पुढे अधिक दाबाचा हात वापरावा.

हाताच्या स्थितीकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. सन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हात मांडीवर ठेवल्यास वरचा दाब सुमारे ४ अंकांनी आणि हात बाजूला लोंबकळत ठेवल्यास ६.५ अंकांनी अधिक भरला. जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यासही आकडा खोटा चढतो. नळीने ऐकून मोजणाऱ्यांनी आधी नाडीस्पर्शाने अंदाज घ्यावा, हवा सेकंदाला दोन अंक या गतीने सोडावी आणि आकडा शून्यावर आणून ठेवण्याची सवय टाकावी. वारंवार १४०/९० किंवा १५०/१०० लिहिलेली वही ही रुग्णांपेक्षा लिहिणाऱ्याचीच परीक्षा सांगते. डिजिटल यंत्र घेताना ते दंडावरचे आणि प्रमाणित असावे.

पाठ दुसरा : निर्णय

वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मापनांत दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिल्यास निदान पक्के समजावे. तो १८० किंवा ११० च्या वर असल्यास आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, दृष्टिमांद्य वा एका अंगास दुर्बलता असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. गर्भिणीचा वाढलेला दाब स्वतःच्या चिकित्सालयात हाताळत बसू नये.

आपल्या व्यवसायातील सर्वांत मोठा दोष म्हणजे 'पुढच्या वेळी पाहू' ही वृत्ती. दाब वाढलेला दिसतो, तरीही चिकित्सेत बदल होत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे लेखी उपचारक्रम. कोणत्या आकड्याला काय करावयाचे, किती आठवड्यांनी पुन्हा पाहावयाचे आणि न उतरल्यास कोणाकडे पाठवावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. आधुनिक औषधांचा वापर ज्याच्या नोंदणीस व राज्याच्या नियमांस अनुसरून असेल त्यानेच करावा, इतरांनी संदर्भसेवेचा मार्ग ठेवावा. रुग्णाची चालू असलेली ॲलोपॅथिक औषधे परस्पर बंद करणे हा तर अक्षम्य प्रमाद होय.

सर्पगंधेचा उल्लेख येथे क्रमप्राप्त आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. त्यानंतर १९५२ मध्ये तीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु विषाद, नाडीमांद्य, नाक चोंदणे व आमाशयव्रण हे तिचे उपद्रवही सिद्ध आहेत. म्हणून मात्रा, काल आणि रुग्णाची मनःस्थिती यांची नोंद न ठेवता ती देऊ नये.

आणखी एक पथ्य आपण स्वतः पाळले पाहिजे. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग निषिद्ध मानला आहे. लवणभास्कर चूर्ण, शंखवटी यांसारखे लवणयुक्त कल्प महिनोन्महिने देताना रक्तदाबाच्या रुग्णाचा विचार होतो का ? ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास शरीरात पाणी व मीठ साठते, पोटॅशियम घटते आणि दाब वाढतो. श्वासाच्या कल्पांतील सोमलताही दाब वाढविणारी आहे.

पाठ तिसरा : औषध विक्रेता

दीर्घकालीन रुग्ण वैद्यापेक्षा औषध विक्रेत्याला अधिक वेळा भेटतो. म्हणून त्याचे प्रशिक्षण हा उपचार नव्हे. ती गरज आहे. त्याने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, औषध नेण्याची तारीख टळलेल्या रुग्णाची दखल घेणे. गोळ्या तीस दिवसांच्या नेल्या आणि रुग्ण पन्नासाव्या दिवशी आला, तर वीस दिवस औषधाविना गेले हे त्याच्याइतके कोणासच कळत नाही. दुसरी, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांची, तसेच नाक मोकळे करणाऱ्या काही सर्दीच्या गोळ्यांची मागणी आल्यास 'बी.पी.चा त्रास आहे का ?' असे विचारणे, कारण यांनी दाब वाढतो. तिसरी, चिठ्ठीवरील औषध उपलब्ध नसल्यास परस्पर बदल न करता वैद्याशी बोलणे. चिठ्ठीशिवाय रक्तदाबाचे औषध देणे मात्र कायद्यास व नीतीस सोडून आहे.

पाठ चौथा : संवाद व नोंद

'मीठ कमी करा' हा सल्ला रुग्ण ऐकतो आणि विसरतो. त्याऐवजी पापड, लोणचे, ठेचा, फरसाण, सुकी मासळी यांपैकी घरात रोज काय असते ते विचारावे व त्यातील एक पदार्थ ठरवून कमी करावा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आत असावे. सैंधव घेतल्याने सूट मिळते असे नाही, कारण तेही प्रामुख्याने सोडियमचेच लवण आहे. निघताना रुग्णास विचारावे, 'औषध केव्हा घ्यायचे आणि बरे वाटले तर काय करायचे, ते मला सांगा.' उत्तर 'बंद करायचे' असे आले, तर समजावणे अपुरे राहिले.

नोंदवहीत नाव, प्रथम दाब, शेवटचा दाब, पुढील तारीख एवढे रकाने पुरेत. दर तीन महिन्यांनी हिशेब करावा. समजा साठ रुग्णांची नोंद आहे, त्यांतील बेचाळीस या तिमाहीत आले आणि सत्तावीस जणांचा दाब १४०/९० च्या खाली होता. आलेल्यांवरून काढल्यास नियंत्रण ६४ टक्के दिसते. परंतु खरे प्रमाण साठांपैकी सत्तावीस, म्हणजे ४५ टक्के होय. न आलेले अठरा रुग्ण हिशेबातून वगळणे म्हणजे पक्षाघाताची वाट मोकळी ठेवणे.

शाखांसाठी सूचना

एका व्याख्यानाने हात सुधारत नाही. तालुका शाखांनी वैद्य, मदतनीस व औषध विक्रेते यांना एकत्र बसवून दर पंधरवड्यास एक याप्रमाणे वरील चार पाठ घ्यावेत. पहिल्या पाठात सभासदांनी एकमेकांचा दाब मोजावा आणि इतरांनी पायऱ्या तपासाव्यात. तीन महिन्यांनी पुन्हा एकत्र येऊन प्रत्येकाने आपल्या नियंत्रणाचे प्रमाण सांगावे. कमी प्रमाण सांगण्यात संकोच नसावा. तसा संकोच मीही केला असता, तर हा लेख लिहिला गेला नसता.

ते गृहस्थ आज काठीच्या आधाराने चालतात आणि दर महिन्यास येतात. आल्यावर पाच मिनिटे बाकावर बसतात, बाही स्वतःच वर करतात. ही सवय त्यांना पहिल्याच भेटीत लावावयास हवी होती.

स्वाध्याय

१. आपल्या चिकित्सालयातील मागील वीस मापनांपैकी किती आकडे शून्याने संपतात ?
२. मागील तिमाहीत न आलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांची नावे आपणास सांगता येतात काय ?
३. आपण दीर्घकाळ देत असलेल्या कल्पांपैकी कोणत्या कल्पांत लवण वा ज्येष्ठमध आहे ?
४. आपल्या मदतनीसास मापनाच्या सर्व पायऱ्या करून दाखविण्यास सांगा व राहिलेल्या पायऱ्या लिहून ठेवा.