उडी मारताना दांडा का उलटतो?

१९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा खेळ आणला. पडद्यावरील बाणांबरहुकूम पायांखालच्या पाटावर नाचायचे. तोल सावरण्यासाठी पाठीशी दांडा असतो. घरी तो प्लायवूडच्या पाटाला नळ्या जोडून करता येतो.

समजा, ०.९ मीटर उंचीवरचा दांडा खेळाडूने १०० न्यूटन बलाने मागे रेटला. उलटवणारे आघूर्ण, म्हणजे बल गुणिले उंची, ९० न्यूटन-मीटर. पाटाच्या मागच्या कडेपासून ०.५ मीटरवर उभ्या ५० किलोग्रॅमच्या खेळाडूचे वजन सुमारे २५० न्यूटन-मीटरने विरोध करते. पण उडी मारताच हा विरोध नाहीसा! १५ किलोग्रॅमच्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य कडेपासून ०.४ मीटरवर असेल, तर उरतात फक्त ६०.

उपाय सोपा आहे. सांगाड्याचे पाय ०.३ मीटर मागे वाढवा. त्यांचे वजन सोडले तरी १५० × ०.७ = १०५. दांडा टिकला!

मित्रांनो, दांडा १.२ मीटर उंच केला तर? करून पाहा गणित.