नांगर जड की दोर लांब?

प्रश्न : राधानगरी जलाशयात छोटी फायबरची होडी नेण्याचा विचार आहे. पाच किलोचा नांगर घेतला, तरी तो घसरतो. दहा किलोचा घ्यावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काळजी नको, नवा नांगर बहुधा लागणार नाही. नांगर वजनापेक्षा तळात रुतून धरतो आणि रुतण्यासाठी ओढ आडवी यावी लागते. दोर आखूड असला की होडी नांगराला वर उचलते. मग दहा किलोचाही घसरेल. पाणी ४ मीटर खोल आणि होडीचं पुढचं टोक पाण्यावर अर्धा मीटर असेल, तर या साडेचारच्या ५ ते ७ पट, म्हणजे २३ ते ३२ मीटर दोर सोडा. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी जोडा. तिच्या वजनाने ओढ खालीच राहते. गाळाला रुंद पात्यांचा नांगर बरा, खडकाला आकड्यांचा. पण आकडे कपारीत किंवा बुडालेल्या झाडांत अडकतात.

एवढ्या दोरावर होडी फिरेल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय काठापासून अंतर ठेवण्याचा, दोर आखडण्याचा नव्हे. नांगर फेकू नका. वाऱ्याकडे तोंड करून हळू सोडा, होडी मागे सरकू द्या, दोर ताणून पाहा. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. त्या सरकल्या तर नांगर घसरतोय. दोर मागच्या बाजूला कधीही बांधू नका, लाटेचं पाणी आत येतं.

आधी जलसंपदा आणि वन खात्याची परवानगी घ्या. पावसाळ्यात मात्र होडी नेऊच नका : धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात.