तलावात शिकला, स्पर्धेला निघाला

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. मामानं तलावात पोहायला शिकवलं. आता शालेय जलतरण स्पर्धेला जातोय. काय तयारी ठेवू?
— एक आई, नागरा (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, आधी वाट पाहायची तयारी ठेवा. ५० मीटरची शर्यत मिनिटभराची, पण दिवस अख्खा जातो. मुलं जास्त असली की शर्यती गटागटानं होतात, त्यांना ‘हीट’ म्हणतात. पुढे कोण जाणार, हे बहुधा पोहायला लागलेल्या वेळेवरून ठरतं. त्यामुळे आपल्या हीटमध्ये पहिला आलेलाही पदकाविना परतू शकतो. हे मुलाला आजच सांगा.

साध्या तलावाला वळायची भिंत नसते. म्हणून स्पर्धेआधी काही दिवस त्याला जलतरण तलावावर न्याच, त्याला पर्याय नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारांत भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी टेकले नाहीत, तर पंच बाद करतात. इशाऱ्याआधी उडी पडली तरी तेच. नवख्यांकडून असं होतं. त्याला रागावू नका, पंचांशी वाद घालू नका.

पिशवीत दोन टॉवेल, जास्तीचा गॉगल, टोपी, केळी, पाणी, जन्मदाखला. शर्यतीआधी पोटभर जेवण नको. आणि त्याची वेळ वहीत टिपून ठेवा. पुढच्या स्पर्धेत तुलना तिच्याशीच करायची, शेजारच्या लेनमधल्या मुलाशी नाही.